दप्तराबाहेरची वादळं

(खारदांडा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



अतिवृष्टी, अवर्षण, वादळ, भूकंप यांनी माणसाचा इतिहास कसा घडवला, या विषयावर बोलण्याची आज्ञा आयोजकांनी मला केली. विषय जगाएवढा आहे. त्यातला एकच प्रश्न आज मी तुमच्यापुढे ठेवणार आहे. तो खारदांड्यात, कोळीवाड्यातच विचारला पाहिजे असं मला वाटतं. प्रश्न असा, की कोणाची आपत्ती इतिहासात जाते आणि कोणाची जात नाही?

सुरुवात एका विचित्र नोंदीपासून करतो. जगातल्या सर्वांत प्राणघातक चक्रीवादळांच्या याद्या छापल्या जातात. त्यांत अनेकदा एक ओळ सापडते : मुंबई, ६ जून १८८२, मृत एक लाखाहून अधिक. पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून ही ओळ वर्षानुवर्षं फिरते आहे. पण असं वादळ झालंच नाही. मुंबईची १८८१च्या शिरगणतीतली लोकसंख्या ७,७३,१९६ होती. एक लाख माणसं गेली असती, तर दर आठ जणांमागे एक जण गेला असता. दहा वर्षांनी, १८९१ मध्ये, हीच संख्या ८,२१,७६४ भरली. त्या वेळी शहरात मराठी, गुजराती आणि इंग्रजी वर्तमानपत्रं निघत होती, कुलाब्याला १८२६ पासून वेधशाळा होती, बंदरात जहाजांची रोजची नोंद होत होती. एवढा मोठा संहार यांपैकी कोणाच्याच नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या वादळांचा अभ्यास केला. त्यांनाही या वादळाचा आधार मिळाला नाही.

न झालेलं वादळ असं सगळ्यांना ठाऊक आहे. झालेल्या वादळांचं काय? मे १६१८ मध्ये वसई-मुंबईच्या किनाऱ्याला वादळाने झोडपलं. जुन्या वृत्तांतांत दोन हजार माणसं आणि साठ जहाजं गेल्याचं लिहिलं आहे. नोव्हेंबर १८५४च्या आरंभी मुंबईवर वादळ आलं. चार तासांत सुमारे हजार माणसं आणि पाच लाख पौंडांची मालमत्ता गेली, अशी नोंद आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये आणखी एक तीव्र वादळ मुंबईजवळ किनाऱ्याला लागलं. या सभागृहात किती जणांनी या तीन वादळांबद्दल ऐकलं आहे?

आणि ज्या थोड्या नोंदी आहेत, त्या कोणी केल्या तेही पाहा. १६१८ मध्ये साष्टी पोर्तुगिजांकडे होती. तेव्हाच्या वृत्तांतात वादळाने उद्ध्वस्त केलेली चर्च आणि मठ आहेत. १८५४ची नोंद व्यापारी शहराची आहे, म्हणून तिच्यात मालाची किंमत पौंडांत मिळते. दोन्ही वेळा किनाऱ्यावर कोळीवाडे होते. दांडा होता, चुईम होतं, जुहू होतं, वर्सोवा होतं. त्यांच्या किती होड्या फुटल्या, किती तांडेल परत आले नाहीत, हे कुठेही लिहिलेलं नाही. मोजणाऱ्याला ज्याची किंमत वाटली, ते त्याने मोजलं.

आता घाटावर जाऊ. तिथे चित्र वेगळं दिसतं आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात दुष्काळ जितक्या तपशिलाने लिहिला गेला, तितकी दुसरी कुठलीच नैसर्गिक आपत्ती लिहिली गेली नाही. १६३० ते १६३२चा दुष्काळ घ्या. गुजरातेत आणि दख्खनेत पाऊस पडला नाही. शाहजहानच्या फौजा त्याच वेळी बुऱ्हाणपुरात तळ देऊन दख्खनची मोहीम चालवत होत्या. देहूत तुकोबांच्या घरी त्यांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. नंतर तुकोबांनी सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. शिवाजी महाराजांचा जन्म फेब्रुवारी १६३०चा, म्हणजे त्यांचं अगदी लहानपण या दुष्काळात गेलं. त्याच सुमाराला पुणे लढायांनीही उद्ध्वस्त झालं होतं. पुढे दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली पुणे परगणा पुन्हा वसवला गेला. पडीक जमीन इस्ताव्याने दिली गेली, म्हणजे पहिली काही वर्षं नाममात्र सारा आणि मग दर वर्षी थोडी थोडी वाढ. स्वराज्याचा पाया ज्या मावळात घातला गेला, तिथे माणसांना परत आणून जमिनीवर उभं करण्याची रीत या आपत्तीनंतर रुजली होती. शिवकाळाची चर्चा करताना आपण किल्ले मोजतो, तलवारींवर वाद घालतो, आणि या दुष्काळावरून दोन वाक्यांत पुढे जातो. ही मोठी चूक आहे असं माझं मत आहे.

१८७६ ते १८७८चा दुष्काळ आणखी भयानक होता. पॅसिफिक महासागरात एल निनोची तीव्र स्थिती होती आणि भारताबरोबर चीन आणि ब्राझीलही होरपळले. ब्रिटिश मुलखातल्या बळींचा आकडा साधारण ५५ लाख धरला जातो. पण पाऊस न पडणं आणि माणूस मरणं यांच्या मध्ये पुष्कळ काही असतं. त्या वर्षांत धान्य परदेशी जात होतं. दुष्काळी कामांवरच्या मजुराला किती कमी धान्यावर जगवता येईल, याचे सरकारी प्रयोग चालले होते. सरकारी अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेली दिवसाची एक पौंड धान्याची मजुरी याच काळातली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी ती नाकारली आणि कामं सोडली. पुणे सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशींनी गावोगावहून हकिकती मागवून त्या सरकारला पाठवल्या. एप्रिल १८७७ मध्ये सावित्रीबाई फुल्यांनी ओतूरहून जोतिरावांना लिहिलेलं पत्र आज आपल्याला वाचायला मिळतं. गाव सोडून निघालेली माणसं आणि मदतीला धावलेले सत्यशोधक त्यात आहेत. दोन वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांचा उठाव झाला आणि त्याच्या मुळाशी त्यांनी पाहिलेली हीच उपासमार होती. १८८०च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालातून दुष्काळ संहिता तयार झाली. दुष्काळ पडला की कामं काढणं सरकारचं कर्तव्य आहे, हे पहिल्यांदा नियमांत लिहिलं गेलं.

वेधशाळांचं जाळंही आपत्तींतूनच उभं राहिलं. १८६४च्या कलकत्त्याच्या वादळानंतर आणि १८६६ व १८७१ला मोसमी पाऊस चुकल्यानंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. पुढे या खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर भारतातला पाऊस का चुकतो याचा शोध घेत होते. त्यातूनच पॅसिफिकवरच्या हवेच्या दाबाचा झोका त्यांच्या लक्षात आला. आज जगभर एल निनोबद्दल जे बोललं जातं, त्याचा एक महत्त्वाचा धागा भारतातल्या उपाशी माणसांपर्यंत येऊन पोचतो.

मग १९७२चा दुष्काळ. इथल्या साठीपुढच्या मंडळींना मिलो ज्वारी आणि सुकडी आठवत असेल. त्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिची मूळ कल्पना वि. स. पागे यांची होती आणि तिचा प्रयोग आधी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाला होता. १९७७ मध्ये कायदा झाला. २००५चा राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदा याच वाटेवरचा होता. मुंबईकरांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. तुमच्या पगाराच्या पावतीवर व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. तो कर १९७५ मध्ये रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी आला. मराठवाड्यातला एक दुष्काळ अजून अंधेरीतल्या कचेरीच्या हिशेबात आहे.

हे सगळं दुष्काळाच्या बाबतीत का घडलं? माझं उत्तर सरळ आहे. जमिनीवर सारा होता. पीक बुडालं की सारा बुडतो, आणि सारा बुडाला की सरकारला मोजणी करावी लागते. मामलेदार, कुलकर्णी, तलाठी, आणेवारी ही सगळी यंत्रणा वसुलीसाठी उभी राहिली होती. तिच्यातच शेतकऱ्याचं दुःखही लिहिलं गेलं. मग सार्वजनिक सभेने तेच आकडे सरकारपुढे ठेवून भांडण केलं, आणि भांडणातून संहिता, योजना, कायदा निघाला. समुद्राला सातबारा नाही. दर्यात बोट गेली तर कोणत्याही वहीत तूट दिसत नाही.

परक्या देशातलं एकच उदाहरण देतो. १२ नोव्हेंबर १९७० रोजी भोला चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानावर आदळलं. कमीत कमी तीन लाख माणसं गेली. पश्चिमेकडच्या सरकारची मदत तोकडी होती आणि उशिरा आली. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली. शेख मुजिबूर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्वेतल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या, आणि वर्षभरात बांगलादेश जन्माला आला. हे राज्य निव्वळ वाऱ्याने मोडलं असं मी म्हणणार नाही, भाषेचा आणि सत्तेचा झगडा आधीपासून होताच. पण त्या किनाऱ्यावरच्या मृतांना ढाक्यातल्या वर्तमानपत्रांनी आणि सभांनी मोजलं. त्या मोजणीने राजकारण फिरलं.

आता आपल्या दारात येऊ या. २६ जुलै २००५. इथे बसलेल्या प्रत्येकाकडे त्या दिवसाची गोष्ट आहे, म्हणून मी ती सांगत बसणार नाही. मला एका पर्जन्यमापकाबद्दल बोलायचं आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याला ७३. दोन्ही एकाच शहरात. कल्पना करा की उपनगरात वेधशाळा नसती आणि मुंबईचा पाऊस म्हणजे कुलाब्याचा पाऊस असंच धरलं गेलं असतं. त्या दिवसाच्या दप्तरात पावसाळ्यातला एक सर्वसाधारण दिवस लिहिला गेला असता. मिठीचा पूर, साकीनाक्याची कोसळलेली दरड, चारशेहून अधिक मुंबईकरांचे मृत्यू, हे सगळं गटारं तुंबल्यामुळे झालं असं सांगून विषय संपवता आला असता. ९४४ या आकड्याने ते होऊ दिलं नाही. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९३ मध्ये तयार होऊनही मागे पडलेला पर्जन्यजलवाहिन्यांचा ब्रिमस्टोवॅड आराखडा पुन्हा बाहेर निघाला. उदंचन केंद्रं बांधली गेली. त्यांतलं गझदरबंधचं केंद्र तुमच्या शेजारीच आहे, २०१९ मध्ये ते सुरू झालं. खार-सांताक्रूझचं पावसाचं पाणी भरतीच्या वेळी पंपाने समुद्रात टाकण्यासाठी ते आहे.

म्हणजे उपनगरी मुंबईची आपत्ती नोंदली गेली. तिच्यासाठी पैसा उभा राहिला, पंप बसले. त्याच वस्तीला लागून असलेल्या बंदरातली आपत्ती मात्र अजून दप्तराबाहेर आहे.

१७ जुलै १९४७ची रामदास बोट सगळ्यांना माहीत आहे. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांच्या बोटींनी जमतील तेवढी माणसं वर काढली. रामदास लक्षात राहिली, कारण ती कंपनीची प्रवासी बोट होती आणि किती जण बुडाले याचा जाब विचारणारं कोणीतरी होतं. २००९ मध्ये, ११ नोव्हेंबरला, फयान चक्रीवादळ आलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कित्येक बोटी तेव्हा समुद्रात होत्या. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गेलं. इशारा असतानाही बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ राहिलेला पी-३०५ हा तराफा बुडाला. त्याच्यावर २६१ माणसं होती, सत्तरहून अधिक गेली. ही संख्या कळली, कारण तराफ्यावर हजेरीपट होता. आपल्या बोटीवर कोण चढलं हे बहुतेक वेळा नाखव्याला तोंडपाठ असतं, आणि तेवढ्यावरच थांबतं.

याचे परिणाम किती कठोर असतात ते सांगतो. समुद्रात गेलेल्या माणसाचा देह मिळाला नाही, तर कायदा त्याला मृत धरत नाही. सात वर्षं त्याच्याबद्दल काही ऐकू आलं नाही, मगच तो मेला असं गृहीत धरता येतं. जुन्या पुरावा कायद्याच्या १०८व्या कलमात हे होतं, नव्या कायद्यातही ते कायम आहे. २००४च्या त्सुनामीनंतर सरकारने बेपत्ता माणसांसाठी वेगळी पद्धत काढून हा काळ कमी केला. म्हणजे इच्छा असली तर वाट निघते. पण एरवी त्याच्या मागे राहिलेल्या बायकोने सात वर्षं काय करायचं? ना विमा, ना पेन्शन, ना बँकेतले पैसे. घरात माणूस नाही आणि कागदावर तो जिवंत. तो त्या दिवशी त्याच बोटीवर होता, हे दाखवणारा साधा कागद हातात असला, तर तिच्या भांडणाला निदान आधार मिळतो.

दुसरी गोष्ट जागेची. मुंबईतल्या कोळीवाड्यांचं सीमांकन हा किती वर्षं रेंगाळलेला विषय आहे, हे तुम्हाला सांगायला नको. मासळी सुकवायच्या वलांड्या उभ्या राहतात ती जागा, बोटी शाकारतात ती जागा, जाळी विणतात ती जागा नकाशात मोकळी दिसते. मोकळी दिसली की तिच्यावर दुसऱ्या कोणाची तरी योजना येते. आज वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम दांडा, जुहू, वर्सोवा यांच्या मासेमारीच्या पाण्यात चाललं आहे. इथे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या डोल जाळी लावतो, हे तोंडी सांगून भागत नाही, पुरावा मागितला जातो. वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा मार्गाच्या वेळी हे भांडण लढवून दाखवलं. वाऱ्याच्या दिवसांत बोट सरळ रेषेत जात नाही आणि पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं तर ती खांबावर आपटेल, असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. शेवटी सरकारने अंतर १२० मीटर केलं. वारा कसा लागतो हे ज्ञान त्यांच्याकडे होतं, आणि त्यांनी ते चिकाटीने मांडलं.

आपली नोंद आपण ठेवणं आज तातडीचं आहे. अरबी समुद्र तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले संशोधक सांगतात, की गेल्या वीस वर्षांत या समुद्रात वादळं वाढली आहेत आणि ती जास्त काळ टिकतात. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडात किनाऱ्याला लागलं. ते आणखी थोडं उत्तरेला वळलं असतं तर काय झालं असतं, हे इथे प्रत्येकाला कळतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यानंतर नारळी पौर्णिमेची वाट पाहायची, हा जुना शहाणपणा आहे. पण फयान नोव्हेंबरात आलं, ओखी वादळ डिसेंबरात आलं, तौक्ते मे महिन्यात आलं. ऐन हंगामात, बोटी दर्यात असताना. तीन नंबरचा बावटा वर चढेपर्यंत थांबण्याइतका वेळ आता मिळेलच असं नाही.

इथल्या ज्येष्ठांशी बोलताना मला दिसलं, की वादळं त्यांना उत्तम आठवतात. पण ती सालाने आठवत नाहीत. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी, बोटीला पहिलं मशीन बसवलं त्याच्या आदल्या आगोटीला, असं सांगतात. वारा कुठून फिरला, पाण्याचा रंग कसा होता, भांग होती की उधाण, हे अचूक सांगतात. हवामानाचा अभ्यासक या माहितीसाठी काय वाटेल ते देईल. ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. ही व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळींना विशेष विनंती आहे. दांड्याने स्वतःच्या वादळांची वही करावी. सरकारची परवानगी लागत नाही, मोठा पैसा लागत नाही. शाळेतली दहा-बारा मुलं, दोन शिक्षक आणि ज्येष्ठ तांडेल पुरेत. प्रत्येक आठवणीसाठी तिथी किंवा जवळचा सण लिहा, म्हणजे साल कळलं की पंचांगावरून तारीख काढता येईल. बोटीचं नाव, नाखवा, बोटीवरची माणसं, कोण परतलं, कोण नाही, जाळी कुठे लागली होती, वारा कोणत्या दिशेचा होता, पाणी वस्तीत कोणाच्या घरापर्यंत आलं, हे लिहा. बायकांना वेगळं विचारा. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्यांनी जे पाहिलं ते दर्यातल्यांना माहीत नसतं, आणि घर त्यानंतर कोणी चालवलं ते त्याच सांगू शकतील. ज्या खुणा दिसतात त्यांचे फोटो काढा. एक प्रत वेधशाळेला द्या, एक मत्स्यव्यवसाय विभागाला, एक वॉर्ड कचेरीला, आणि मूळ वही इथेच कोळीवाड्यात ठेवा.

आणि यापुढे बोट बंदरातून निघताना तिच्यावरच्या प्रत्येकाचं नाव एका कागदावर लिहून तो कागद घरी ठेवून जा. खलाशी परप्रांतातला असेल तर त्याच्या गावाचं नाव आणि घरचा फोन नंबरही लिहा. नव्या हंगामाची पहिली बोट निघेल, त्या दिवसापासूनच हे सुरू करा.